भिंतीवरचं बेट

आमचे पाळकसाहेब उपदेश करताना मंडळीकडे बघत नसत. मंडळी म्हणजे बेटावरची मोजकी ख्रिस्ती कुटुंबं, पुढे जाजमावर चुळबुळ करणारी लेकरं आणि दाराशी चपलांवर नजर ठेवून बसलेली म्हातारी माणसं. साहेबांची नजर या सगळ्यांच्या डोक्यांवरून थेट मागच्या भिंतीला जाऊन टेकायची. नवख्याला वाटावं, केवढा भाविक माणूस, देवाशी डोळा भिडवून बोलतोय. पण क्रूस तर त्यांच्या पाठीशी होता. मागच्या भिंतीवर नकाशा होता.

तो नकाशा त्यांनी स्वतः काढलेला. कपड्यांना घालतात ती नीळ पाण्यात कालवायची, बाभळीच्या काटकीला चिंधी बांधायची आणि पांढऱ्या भिंतीवर आख्खं बेट उतरवायचं. दर नाताळाच्या आधी चर्चला चुना मारला जाई, त्याखाली जुना नकाशा जाई, आणि साहेब शिडीवर चढून पुन्हा पहिल्यापासून काढायला लागत. काठाच्या तीन रेघा असत. एक धरण तुडुंब भरल्यावरची, एक संक्रांतीच्या सुमाराची आणि एक ऐन उन्हाळ्यातली. त्या तीन रेघांच्या मधे आणि आजूबाजूला नुसती नावं. म्हशीचा गळा. हांडेफोड. जावयाचं टेकाड. बोंबल्या कोपरा. एवढ्याशा जमिनीच्या तुकड्याला एवढी नावं कशाला लागतात, असं मला पहिल्या दिवशी वाटलं होतं.

मी नगरजवळच्या भिंगारची. वडील लष्कराच्या डेपोत सिव्हिलियन क्लार्क. पाणी म्हणजे नळाला येतं ते, आणि तेही दिवसाआड, एवढीच माझी पाण्याशी ओळख. जिल्हा परिषदेच्या शाळेवर पहिली नेमणूक मिळाली ती या बेटावर. खरं तर ते बेट वर्षभर नसतं. धरण झालं तेव्हा खालचं गाव उठलं, उंचावरची वस्ती मात्र बुडाली नाही म्हणून जागेवर राहिली. पावसाळा सरता सरता धरणाचा फुगवटा तिला चहूकडून वेढतो, मग होडीशिवाय येणं-जाणं नाही. होळी झाली की एका अंगाला चिखलाची वाट उघडी पडते आणि टेम्पोसुद्धा जातो. रोज भिंगारहून ये-जा करणं शक्यच नव्हतं. पाळकसाहेबांच्या घराची मागची खोली रिकामी होती. आईला म्हटलं, पाळकाच्या घरात राहते आहे. तिला वाटलं तिथं फार शांतता असेल.

शांतता कसली. आमच्या रविवारच्या उपासनेला उपासना म्हणायचं की काठाची पाहणी, हा प्रश्नच होता. मी ख्रिस्ती नाही, पण रविवारी दुसरं करण्यासारखं काही नसे, म्हणून मागे जाऊन बसायची. एकदा साहेब वाटेत लुटल्या गेलेल्या माणसाची गोष्ट सांगत होते. माणूस जखमी होऊन पडलाय, जाणारे-येणारे तोंड फिरवून जाताहेत, बायकांनी पदर डोळ्यांना लावलेत, आणि साहेब मधेच थांबले. भिंतीकडे बघत राहिले. मग खिडकीबाहेर, लिंबाच्या सावलीत टेकलेल्या रावसाहेब होडीवाल्याला त्यांनी विचारलं,

"रावसाहेब, म्हशीचा गळा उघडा पडला का?"

"पडतोय, सायेब. निम्मा वर आलाय."

"काल शेळ्या तिकडून नेल्या का कोणी?"

"नेल्या की. चिखुल हाय थोडा."

"आभारी आहे," साहेब म्हणाले, आणि जखमी माणसाला घेऊन पुढे निघाले. कोणी हसलं नाही. सगळ्यांना सवय होती.

नावं गोळा करायची त्यांची रीत मात्र जगावेगळी. विचारून मिळालेलं नाव ते धरत नसत. माझ्यासारखी शिकलेली माणसं काय करतील? एखाद्या म्हाताऱ्याला गाठतील आणि विचारतील, बाबा, या खडकाला काय म्हणतात? साहेब म्हणत, "बाई, विचारलं की माणूस सभ्य होतो. तुम्हाला आवडेल ते सांगतो. खरं नाव कामात असताना तोंडातून निघतं. शेरडं चुकली, होडी कुठं लावायची, कोणाला हाक मारायची, तेव्हा." म्हणून ते फक्त कान देत. एकानं दुसऱ्याला ओरडून सांगितलेलं, आणि तेही त्याच जागेवर, असं नाव कानावर पडलं तरच ते भिंतीवर जाई. एसटीच्या पाटीवर शहराचं पूर्ण नाव असे, त्यावरूनही ते मला म्हणाले होते, "पाटीवरचं नाव सरकारचं. कंडक्टर काय ओरडतो ते ऐकून या." मी भिंगारला जाऊन आले की पहिला प्रश्न हाच. मी सांगायची, अजून नगर-नगरच ओरडतो. ते मान डोलवायचे, अगदी दवाखान्याचा रिपोर्ट ऐकावा तसे.

या कान देण्यापायी एकदा भलतंच झालं. मी येण्याच्या बऱ्याच आधीची गोष्ट. साहेब वेड्या बाभळीच्या झुडपामागे बसून राहिले होते, आणि पलीकडे बायका धुणं धूत होत्या. साहेबांना त्या दगडांचं नाव हवं होतं. बायकांना झुडपामागे पांढरा शर्ट दिसला. पुढचं सांगायला नको. एकीनं भिजलेली गोधडी पिळून तिचा हिसका दाखवला म्हणतात. पाळकीणबाईंनी घरोघर जाऊन समजूत घातली तेव्हा कुठं प्रकरण मिटलं. ती गोष्ट सांगताना पाळकीणबाई तेव्हाही कपाळाला हात लावत. "लग्न ठरलं तेव्हा बेलापूरच्या लोकांनी सांगितलं होतं, मुलगा निर्व्यसनी आहे," त्या म्हणायच्या. "एक व्यसन सांगायचं राहून गेलं."

त्या दगडांना हांडेफोड म्हणतात हे मात्र साहेबांना त्या गडबडीत ऐकू आलं होतं. शिव्यांच्या मधोमध. त्यांनी ते नाव लगेच लिहिलं.

तेव्हापासून ते लपून बसत नसत. उघड्यावर, काळी छत्री उघडून, सगळ्यांना लांबून दिसेल असे बसत. आपण बसून बसून दगडासारखे झालो की लोक आपल्याला विसरतील आणि मोकळं बोलतील, असा हिशेब. काही ठिकाणी तो बरोबरही ठरला.

आता त्या रिकाम्या जागेबद्दल सांगायला हवं. नकाशात सगळीकडे निळी अक्षरं दाटीनं बसलेली, पण पूर्वेच्या अंगाला, जिथं एक घळ पाण्यात उतरते आणि तोंडाशी सपाट खडक आहे, तिथं काहीच लिहिलेलं नव्हतं. मी आले त्या महिन्यातच विचारलं, "साहेब, इथलं नाव राहिलं?"

"अजून ऐकलं नाही," ते म्हणाले, आणि शिडी उचलून बाहेर गेले.

संध्याकाळी चुलीपाशी पाळकीणबाईंनी सांगितलं. त्यांचा मुलगा होता. अमोल. तिसरीत शिकायचा. धरण त्या वर्षी पहिल्यांदा पूर्ण भरलं होतं. पोरं गूळ करायच्या काहिलीत बसून पाण्यात गेली. तशी मोठी माणसंही जात, होडी नसली की काहीलच सगळ्यांची होडी. त्या घळीच्या तोंडाशी काहील कलंडली. बाकीची पोरं खडकाला धरून वर आली. हे सांगताना त्या भाकरी थापत होत्या. हात थांबले नाहीत, भाकरी मात्र एका बाजूला जाड झाली. मी ती न बोलता खाल्ली.

"पाणी यायच्या आधी तिथं नुसत्या बाभळी होत्या," त्या म्हणाल्या. "कोणी जात नव्हतं. म्हणून नावही नव्हतं. आता हे वाट बघतात."

कशाची, हे विचारायची गरज नव्हती. नकाशावर एक गवळणीची घळ होती, तिथं कोणे एके काळी दूधवाली पाय घसरून गेली होती. एक उपाशी खडक होता, तिथं पुरात दोघं भाऊ अडकून पडले होते. या गावात जागेला नाव कसं मिळतं हे साहेबांइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. माणसाचं जिथं काही होतं, तिथं माणूस राहतो. मग त्या घळीला अमोलचं नाव पडलेलं असणारच, अशी त्यांची खात्री होती. फक्त ते कानावर पडायला हवं होतं. स्वतः लिहून टाकणं त्यांना मंजूर नव्हतं. एकदा मी न राहवून म्हटलं, "साहेब, स्मशानात दगडावर त्याचं नाव आहे की."

"ते मी कोरून घेतलं, बाई. मीच सांगितलं आणि त्यानं छिन्नी मारली," ते म्हणाले. "मी जाईन, पाळकीणबाई जातील. आमच्यानंतर तो दगड कोण वाचणार? पण जागेचं नाव झालं तर शेळ्या वळणारं पोरसुद्धा त्याला रोज हाक मारील."

म्हणून चर्चचं काम आटोपलं की रोज दुपार उतरताना ते छत्री घेऊन त्या घळीच्या तोंडाशी, सपाट खडकावर जाऊन बसत. वर्षानुवर्षं. पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या गाळात पेरा करायला, गाळपेरीला येणारी माणसं, जाळी टाकणारे, म्हशी पाण्यावर आणणारी पोरं, सगळी तिथूनच जात-येत. साहेब सगळ्यांना नमस्कार करत आणि मग गप्प होऊन ऐकत बसत.

आणि लोक? लोक छत्री दिसली की आवाज खाली आणत.

मला वाटायचं, बिचारे लोक त्यांच्यासमोर मुलाचं नाव काढायला कचरतात. माणुसकी आहे, दुसरं काय. मग एकदा वर्गात मुलांना आपापल्या घरची वाट सांगायला लावली होती. दुसरीतली एक मुलगी उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "पाळकाच्या बैठकीवरनं खाली यायचं, मंग आमचं घर."

"कशाच्या?" मी विचारलं.

"पाळकाची बैठक, बाई. घळीपशी."

बाकीच्या पोरांनी माना डोलवल्या. सगळ्यांना माहीत होतं. त्या जागेला नाव कधीच पडलं होतं. अमोलचं नव्हे. जो बाप रोज तिथं मुलाचं नाव ऐकायला बसत होता, त्याच्या बसण्याचंच नाव त्या खडकाला चिकटलं होतं.

ते तिथं बसले नसते तर कदाचित लोक काही दिवस तरी अमोल-अमोल म्हणत राहिले असते. हे त्यांना कोण सांगणार होतं?

घरी येऊन पाळकीणबाईंना कसंबसं सांगितलं. त्या मासे साफ करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला माहीत आहे. या मासे विकणाऱ्या बायका कधीच्या म्हणतात. माझ्यासमोर जीभ चावतात, पण मी बहिरी नाही." मग दुसरा मासा हातात घेऊन, "मी त्यांना किती वेळा सांगितलं, नका जाऊ तिथं. मला तर त्या बाजूला बघवत नाही. ऐकतील तर ना. तुम्ही बोलू नका त्यांच्याशी, ताई. एवढं करा माझ्यासाठी."

मी बोलले नाही. मीच काय, आख्खं बेट बोलत नव्हतं. हिंदू, बौद्ध, ख्रिस्ती, एरवी पाणंदीवरून आणि गाळपेरीच्या पट्ट्यावरून एकमेकांची डोकी फोडायला निघालेली माणसं या एका बाबतीत एक होती. होडी घळीशी आली की रावसाहेब जोरात खोकायचा. तो इशारा असे. होडीतलं बोलणं आपोआप पावसापाण्यावर यायचं.

एका दिवाळीनंतर रावसाहेबाला राहवलं नाही. त्यानं स्वतःच्या डोक्यानं एक बेत केला. होडी घळीसमोरून नेताना, साहेब खडकावर बसलेले असताना, तो पाण्याकडे तोंड करून ओरडला, "ये, अमोलच्या घळीकडं आन रं ती जाळी!" आवाज चांगला दणदणीत होता. मी होडीतच होते.

साहेब उठून उभे राहिले. छत्री मिटली. होडी काठाला लागेपर्यंत तसेच उभे. मग हळूच म्हणाले, "रावसाहेब, कोणाला हाक मारलीत?"

"आमच्या पुतन्याला, सायेब."

"तो तर सकाळीच शेवगावला गेला. मी निरोप दिला होता त्याच्याजवळ."

रावसाहेब वल्हं खालीवर करत राहिला.

"पलीकडे कोणी नव्हतं," साहेब म्हणाले. राग अजिबात नव्हता. उलट त्यांनी वाकून रावसाहेबाच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमचे उपकार आहेत माझ्यावर. पण हे मला घेता येणार नाही हो." आणि पुन्हा छत्री उघडून बसले. परतताना रावसाहेब मला म्हणाला, "बाई, ह्या मानसाला खोटं बी देता येत न्हाई आन खरं बी देता येत न्हाई. काय करावं?"

शेवटी जे झालं ते कोणाच्या बेतानं झालं नाही. पाणी काठोकाठ होतं. मी तालुक्याहून शाळांच्या केंद्राची मीटिंग आटोपून येत होते. होडीत मी, बाजार करून निघालेल्या चार-पाच बायका, एक बाळंतीण, तिची आई, आणि गव्हाची पोती. एव्हाना रावसाहेबानं होडीला इंजिन बसवलं होतं. मधोमध आलो आणि ते फुरफुरून बंद पडलं. त्यात वारं सुटलं. फुगवट्यातलं वारं ज्यानं पाहिलं नाही त्याला कळणार नाही. एवढं थोरलं मोकळं पाणी, अडवायला काही नाही. होडी तिरकी होऊन हांडेफोडीच्या दगडांकडे जायला लागली. बायका देवाचं नाव घेऊ लागल्या. बाळंतिणीनं तान्ह्याला पदराखाली इतकं आवळलं की ते रडायला लागलं. मी होडीची कड धरून बसले होते आणि मनात आईला हाका मारत होते.

रावसाहेबाचा पुतण्या वल्ह्यावर होता, पण घाबरून भलतीकडेच ओढत होता. रावसाहेब सुकाणू धरून जिवाच्या आकांतानं ओरडला,

"बैठकीकडं घे! पाळकाच्या बैठकीकडं! आरं तिकडं न्हाई, बैठकीकडं, पाळकाच्या!"

पुतण्याला उमगलं. तेवढीच एक जागा होती, घळीचं तोंड, जिथं वाऱ्याला आडोसा होता आणि सपाट खडक. होडी वळली. खडकावर काळी छत्री होती. मग छत्री वाऱ्यानं उडाली आणि साहेब कमरेएवढ्या पाण्यात उतरलेले दिसले, त्या पाण्यात, जिथं इतक्या वर्षांत त्यांनी पाऊल बुडवलेलं कोणी पाहिलं नव्हतं. त्यांनी दोर धरला. पोती भिजून गेली, पण माणसं सगळी वर आली. तान्हं बाळ आधी त्यांच्याच हातात दिलं होतं. त्यांनी ते छातीशी धरलं आणि आजीकडे द्यायला जरा जास्तच वेळ लावला.

सगळे भिजून धापा टाकत बसले होते. साहेबांनी चष्मा पुसायचा प्रयत्न केला, पण पुसायला कोरडं काही नव्हतंच.

"रावसाहेब," ते म्हणाले, "कोणाच्या बैठकीकडं?"

रावसाहेब जवळजवळ म्हातारा माणूस, तो तोंडावर हात घेऊन रडायला लागला. बाळंतिणीची आई साहेबांच्या पाया पडायला वाकली, तिला त्यांनी उठवलं. मग एकेकाकडे बघत गेले. माझ्याकडेही बघितलं. मी मान खाली घातली, तेव्हा त्यांना कळलं की हे आजचं नाही, सगळ्यांना पूर्वीपासून माहीत आहे.

"बरं," ते म्हणाले. "बरं झालं, जवळ होतो."

त्या रविवारी भिंतीवर नवीन अक्षरं होती. नीळ ताजी, म्हणून बाकीच्यांहून गडद. 'पाळकाची बैठक.' त्यांच्याच वळणदार अक्षरात, एकही रेघ इकडची तिकडे नाही. उपदेश त्यांनी केला, पण पहिल्यांदाच आमच्या तोंडांकडे बघून केला. मागच्या भिंतीकडे नजर गेली नाही. मंडळी कावरीबावरी झाली. इतकी वर्षं न बघणाऱ्या माणसानं एकदम डोळ्यांत बघितलं की कसं व्हावं, तसं झालं.

मी दुपारी त्यांना गाठलं. मला वाटत होतं की मी काहीतरी शहाणपणाचं बोलणार आहे. म्हटलं, "साहेब, नाव तुमचं असलं तरी गोष्ट त्याचीच आहे. पाळक तिथं का बसायचे, असं कोणी विचारलं की अमोलचं नाव सांगावंच लागेल. दुसरं उत्तरच नाही."

त्यांनी ऐकून घेतलं. मला खुर्ची दिली. मग म्हणाले, "बाई, जावयाचं टेकाड. कोणता जावई? कशासाठी तिथं जाऊन बसला? मी पुष्कळ कान दिला. कोणालाच सांगता येत नाही. नाव राहतं, का ते राहत नाही. एखादी पिढी फार तर." ते थोडं हसले. "मीच माझ्या लेकराच्या जागेवर जाऊन बसलो की हो."

पाळकीणबाई आतून ऐकत होत्या. त्या बाहेर आल्या आणि त्यांच्या शेजारी बसल्या. एवढंच. एरवी दुपारी त्या कधी बसलेल्या मी पाहिल्या नव्हत्या.

त्या दिवसापासून साहेब घळीकडे गेले नाहीत. दुपार उतरली की त्यांचे पाय उठत, दारापर्यंत जात, आणि ते परत येऊन बसत. मला वाटलं, मन विटलं असेल. पण कारण वेगळं होतं, आणि ते त्यांनी बऱ्याच दिवसांनी, काहीतरी लपवलेलं सांगावं तसं सांगितलं. "मी उठलो की नाव जाईल, बाई. वेळ लागेल. पण जागा मोकळी झाली, तर खालचं वर येईल कदाचित." जगातली एकच जागा होती जिथं त्यांना बसावंसं वाटत होतं, आणि तिथं न जाणं हेच आता ते मुलासाठी करू शकत होते. एवढं करूनही पोरं शाळेत 'पाळकाची बैठक' म्हणतच होती.

माझी बदली झाली, लग्न झालं, मी नगरला आले. साहेब गेल्याचं रावसाहेबाच्या पुतण्यानं मोबाईलवर कळवलं. रावसाहेब त्याच्याही आधी गेला होता. मी मातीला पोचू शकले नाही. पाळकीणबाई नणंदेकडे बेलापूरला गेल्या आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याही गेल्या. नवे पाळक तरुण आहेत, मोटारसायकलवर तीन गावं सांभाळतात. त्यांनी चर्चला आतून बदामी ऑइलपेंट दिला. भिंत छान तुळतुळीत झाली आहे. त्यांची काही चूक नाही, ओल फार येत होती.

मागच्या वर्षी थंडीत मी एका जुन्या विद्यार्थिनीच्या लग्नाला बेटावर गेले. होडी आता फायबरची आहे. होडीत माझ्या शेजारी एक सूनबाई बसली होती, पैठणकडून इथं दिलेली, मांडीवर वर्षाचं पोर. ती मोबाईलवर नवऱ्याला सांगत होती, "पाळकाच्या बैठकीवर उतरते, या तिथंच." तिचं बोलणं झाल्यावर मी विचारलं, "पाळकाची बैठक का म्हणतात गं?"

"काय की, ताई," ती म्हणाली. "कुनी पाळक हुते म्हनं पयले. हवा खायाला बसायचे तिथं. गार लई हाय ना."

हवा खायला. साहेबांनी सांगितलं होतं, एखादी पिढी फार तर. तेवढीही लागली नव्हती.

"हवा खायला नव्हते बसत," मी म्हटलं. माझा आवाज चढला असावा, कारण दोन-तीन माणसांनी वळून बघितलं. "त्यांचा मुलगा त्या घळीत बुडाला. अमोल नाव त्याचं. तिसरीत होता. त्याच्यासाठी बसायचे."

तिनं "अगं बाई" म्हटलं आणि पोराला आणखी जवळ ओढलं. होडी खडकाला टेकली. तिचा नवरा तिला उतरवून घ्यायला खाली आला होता आणि सोबत आणलेल्या मोठ्या, चार-एक वर्षांच्या मुलीला तसंच घळीच्या कडेला सोडून पिशव्या घ्यायला वाकला होता.

"अवो, पोरीला धरा आधी!" ही होडीतूनच ओरडली. "तिथं नका सोडू तिला, तिथं अमोल बुडालाय!"

त्यानं झटकन मुलीचा दंड धरला आणि वर बघितलं.

"कोन अमोल?"

ती उतरली. एका कडेवर पोर, दुसऱ्या हातात मुलीचा हात, आणि चढणीवरून जाताना मी सांगितलं होतं तेवढं सगळं त्याला सांगत चालली होती. मी होडीतच बसून राहिले. एकीनं दुसऱ्याला ओरडून सांगितलेलं, आणि तेही त्याच जागेवर.